तो अलार्म खरा होता

हे सगळं मी माझ्या हातानं लिहिते आहे. अक्षर वाकडं येतंय, ओळी चढावर निघाल्यासारख्या वर सरकतात, दहा मिनिटांनी बोटं दुखायला लागतात आणि त्या दुखण्याचंही मला कौतुक वाटतं. मागच्या वर्षी दोन महिने माझी बोटं कुठं आहेत हे मला चादर उचलून दाखवावं लागत होतं.

ज्यांच्या घरात असं धडधाकट माणूस एकाएकी आडवं झालंय, त्यांनी हे वाचावं अशी माझी इच्छा आहे. पण खरं कारण वेगळंच. त्या आजारपणात एका दुपारी असं काही घडलं, की ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. भेटेल त्याला सांगून झालं. आता लिहिते.

माझं काम

माझं नाव रेखा. माहेर सोयगाव तालुक्यातलं, सासर मुकुंदवाडीत. आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स केलं आणि चिकलठाण्याच्या एमआयडीसीत एका छोट्या वर्कशॉपला लागले. तिथं आम्ही अलार्म पॅनल बनवतो. मोठ्या दवाखान्यात प्रत्येक खाटेशी सिलिंडर नसतो. खाली एका खोलीत सगळे सिलिंडर जोडलेले असतात आणि तांब्याच्या नळीतून ऑक्सिजन वॉर्डावॉर्डात जातो. त्या नळीतला दाब किती आहे, हे वॉर्डातल्या भिंतीवरची एक पेटी दाखवते. दाब पडला की बजर वाजतो, लाल दिवा लागतो. ती पेटी आमची.

मी टेस्टिंगला. पॅनलला दाब द्यायचा, हळूहळू सोडायचा, बजर कोणत्या आकड्याला वाजतो ते बघायचं. मग सेन्सरची वायर उपटायची. वायर निघाली की आकड्यांच्या जागी नुसत्या आडव्या रेघा यायला पाहिजेत. पास झालं की बाजूच्या स्टिकरवर सही. शेजारच्या टेबलावर नसरीन. ती आणि मी मिळून हजारभर पॅनल तपासली असतील, पण त्यातलं एकही आम्ही दवाखान्यात लावलेलं बघितलेलं नव्हतं.

वरचं कवच

सुरुवात पायाच्या बोटांपासून झाली. मुंग्या. वाटलं, दिवसभर स्टुलावर बसून येत असतील. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपचा जिना चढताना गुडघा मध्येच दुमडला. नसरीन मागं होती, तिनं धरलं. म्हणाली, "रेखा, तू पाव टाकतेय कुठं आणि बघतेय कुठं?" आम्ही हसलो. तिसऱ्या दिवशी सकाळी मला जमिनीवरून उठता येईना आणि वेणी घालायला हात डोक्यापर्यंत पोचेनात. तेव्हा मात्र कुणी हसलं नाही.

माझे मिस्टर दत्तात्रय एका कंपनीत फिटर आहेत. त्यांनी मला अक्षरशः उचलून रिक्षात घातलं. दवाखान्यात हातापायाला बारीक बारीक करंट देऊन तपासलं. माझ्यासारख्या बाईला करंटची भीती ती काय, पण मशीनवरची रेघ सपाट येतेय हे मला डॉक्टरांच्या आधी दिसलं.

डॉक्टर खुर्ची ओढून खाटेजवळ बसले. मी काय काम करते ते त्यांनी विचारून घेतलं होतं. म्हणाले, तुमच्याच शरीराची रोगाशी लढणारी ताकद चुकून तुमच्या नसांवर उलटली आहे. वायरवरचं प्लास्टिक कुणी सोलून काढावं तसं झालंय.

मी विचारलं, "आतली तार?"

"आतली तार शाबूत आहे असं दिसतंय. वरचं कवच गेलंय. ते परत येतं, पण त्याच्या चालीनं येतं."

त्या दिवशी मी एवढंच धरून ठेवलं. आजाराचं इंग्रजी नाव मला आठवडाभर नीट म्हणता आलं नाही.

एका श्वासात मोजा

रोज सकाळी डॉक्टर सांगायचे, एक मोठा श्वास घ्या आणि त्या एका श्वासात जमेल तेवढे आकडे म्हणा. पहिल्या दिवशी मी अठ्ठावीसपर्यंत गेले. दुसऱ्या दिवशी सोळा. तिसऱ्या दिवशी नऊवर दम संपला. डॉक्टरांनी सिस्टरकडं बघितलं आणि मला कळलं.

त्यांनी नीट समजावून सांगितलं. श्वासाचे स्नायू दमलेत, थोडे दिवस मशीन श्वास घेईल. यांनी कागदावर सही केली. मला बोलायला पाच मिनिटं होती. मी यांना गौरीच्या सहामाही परीक्षेबद्दल सांगत बसले. आमची गौरी सहावीत, तिला माझ्या आईकडं पाठवलं होतं. दुसरं काही सुचलंच नाही. त्यानंतर चाळीस दिवस मी एक शब्द बोलले नाही. आधी तोंडातून नळी होती, मग गळ्याला भोक पाडून तिथं.

अतिदक्षता विभाग तिसऱ्या मजल्यावर. माझी खाट तीन नंबर. शुद्ध पूर्ण, ऐकू सगळं येतं, दिसतं सगळं, हलतात फक्त डोळे आणि पापण्या. दर दोन तासांनी मला कुशीवर वळवायचे. सकाळी ओल्या फडक्यानं अंग पुसायचे. गळ्याच्या नळीतला कफ ओढून काढताना जीव जातोय असं वाटायचं, आणि नंतर जो मोकळा श्वास यायचा त्याला तोड नाही.

उजव्या कुशीवर वळवलं की समोरच्या भिंतीवर आमचं पॅनल दिसायचं. पहिल्यांदा दिसलं तेव्हा मला इतका आनंद झाला की डोळ्यांतून पाणी आलं. सिस्टरला वाटलं दुखतंय. सांगणार कसं? आकडा चार पॉइंट दोन, दिवा हिरवा. तो हिरवा दिवा बघून मी झोपायची.

घरच्यांचं

आता जरा कडू लिहिते, कारण हे कुणी लिहीत नाही.

माझ्या सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्यांचं म्हणणं पडलं की इथं नळ्या लावून ठेवण्यापरीस गावाकडं न्या, तिकडं एक जण झाडपाला देतो, लई लोकांला गुण आलाय. यांनी नाय म्हणून सांगितलं. दोघांचं माझ्या खाटेशी उभं राहून भांडण झालं आणि मग आत्याबाई दवाखान्यात यायच्याच बंद झाल्या.

हे मात्र रोज यायचे. पण माझ्याकडं बघायचे नाहीत. मशीनकडं बघायचे, सलाईनकडं बघायचे आणि सिस्टरला विचारायचे, "तिला कळतं का?" मी दोन हातांवर पडलेली, आणि माझ्याबद्दल शेजारच्या गावातल्या कुणाबद्दल बोलावं तसं बोलायचे. मला एवढा राग यायचा की मशीनवर माझ्या नाडीचा आकडा वाढायचा. मग सिस्टर यांना बाहेर थांबायला सांगायच्या, आणि मला वाटायचं, बरं झालं.

ज्योती सिस्टर वेगळ्या होत्या. सोलून ठेवलेल्या बदामासारखी स्वच्छ बाई. त्यांनी एका पुठ्ठ्यावर ठळक अक्षरात मुळाक्षरांचा आणि काना-मात्रांचा तक्ता काढला. आधी ओळीवर बोट फिरवायचं, बरोबर ओळ आली की मी पापणी मिटायची, मग त्या ओळीतल्या एकेका अक्षरावर. एकदा मिटली तर हो, दोनदा मिटली तर नाही. माझा पहिला शब्द होता "खाज". नाकाच्या शेंड्याला. सिस्टरनी खाजवलं आणि मला स्वर्ग दिसला. पुढं दोन दिवस लावून भिंतीवरची ती पेटी आमची, हेही मी त्यांना सांगितलं. त्यांनी यांनाही तो तक्ता दाखवला, शिकवते म्हणाल्या. यांनी हातात घेतला, उलटासुलटा केला आणि उशाशी ठेवून दिला.

ती दुपार

खालच्या, दुसऱ्या मजल्यावर नवीन वॉर्डाचं काम चालू होतं. तिथं अजून पेशंट नव्हते. सकाळपासून ड्रिल मशीनचा आवाज, खाटेच्या लोखंडातून माझ्या पाठीपर्यंत यायचा. सकाळी आमच्या पॅनलचा बजर दोनदा वाजला. दोन्ही वेळा आकड्यांच्या जागी आडव्या रेघा आल्या. म्हणजे वायर कुठंतरी हललेली. इलेक्ट्रिशियन आला, वायर घट्ट करून गेला. सगळ्यांच्या मनात बसलं, आज हे पॅनल खोटं वाजतंय.

चार वाजता भेटायची वेळ. हे आले, स्टुलावर बसले, मशीनकडं बघत राहिले. मी पॅनलकडं बघत होते.

चार पॉइंट दोनचं चार झालं. मग तीन पॉइंट नऊ.

कधीकधी होतं असं, परत चढतो आकडा. मी वाट बघितली. तीन पॉइंट सात. तीन पॉइंट सहा. माझ्या टेबलावर मी दाब सोडते तेव्हा आकडा असाच उतरतो, पायरी पायरीनं. वायर सैल असली की तो असा उतरत नाही, एकदम रेघा येतात. तीन पॉइंट तीनला बजर वाजला. हातातलं काम टाकून एक नवीन सिस्टर आल्या, बटण दाबून बजर बंद केला आणि दुसरीला म्हणाल्या की सकाळपासून असंच चाललंय, खाली काम आहे ना. आणि गेल्या.

बजर बंद झाला तरी लाल दिवा तसाच होता. दाब चढल्याशिवाय तो जात नाही. त्या हॉलमध्ये आम्ही सहा जण मशीनवर होतो आणि त्या दिव्याचा अर्थ ओळखणारी एकटी मी, आणि मला बोलता येत नव्हतं.

मी पापण्या मिटायला लागले. जोरात, सारख्या. हे घाबरले. विचारायला लागले, दुखतंय का, डॉक्टरला बोलवू का. मी दोनदा मिटायची, परत दोनदा. मग मी डोळे तक्त्याकडं नेले आणि तिथंच ठेवले. यांनी माझ्या नजरेमागं बघितलं. कितीतरी दिवसांनी आमची नजर एक झाली.

यांनी तक्ता उचलला. सिस्टरना त्यावर बोट फिरवताना यांनी बघितलेलं होतं. पहिल्या ओळीवर बोट ठेवलं, मी मिटली. क, दोनदा. ख, एकदा. मग खाली, य-र-ल ची ओळ. र. मग काना. यांनी मोठ्यानं वाचलं, "खरा? काय खरा?"

मी पॅनलकडं बघितलं. यांनी वळून बघितलं. फिटर माणूस, दाबाचा आकडा वाचायला शिकवावं लागत नाही. तो तीन पॉइंट एकवर होता.

हे एवढ्या मोठ्यानं ओरडले की ज्योती सिस्टर पलीकडच्या खाटेवरून धावत आल्या. पुढं मात्र त्या अगदी शांतपणे बोलल्या. मला विचारलं, "रेखाताई, वायर सैल झालीय का?" मी दोनदा मिटली. "दाब खरंच पडतोय?" एकदा. त्यांनी तिसरा प्रश्न विचारला नाही. सगळ्यांना मोठ्यानं सांगितलं, मशीनवरचे सगळे पेशंट सिलिंडरवर घ्या, आत्ता. आणि खालच्या सिलिंडरच्या खोलीला फोन लावला.

तिथला माणूस म्हणाला, माझ्याकडं दाब पूर्ण आहे, सिलिंडर भरलेत, तुमचं पॅनलच बिघडलंय. सिस्टरनी पॅनलकडं बघितलं, मग माझ्याकडं. पण माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला होता. तिकडं पूर्ण, इकडं कमी, म्हणजे मधेच कुठंतरी नळी फुटली आहे. आणि मधे काय होतं? मी यांच्याकडं बघितलं. यांनी लगेच तक्ता धरला. ख, काना, ल, दीर्घ ई.

"खाली," हे म्हणाले. "सिस्टर, खाली ड्रिल चालू आहे." आणि तक्ता माझ्या पोटावर टाकून पळाले.

तेवढ्यात माझं मशीनच ओरडायला लागलं. ज्योती सिस्टरनी माझ्या गळ्याची नळी मशीनपासून सोडवली, तिला रबरी फुगा जोडला आणि हातानं दाबायला लागल्या. दाबला की माझी छाती वर. सोडला की खाली. दुसऱ्या सिस्टर सिलिंडर ओढत आणत होत्या. मी घाबरले होते का? घाबरले होते. पण त्याहून जास्त माझ्या अंगात काहीतरी उसळत होतं. तीस दिवसांनी मी पहिल्यांदा कुणाच्या तरी कामाला आले होते.

खाली काय झालं ते यांनी नंतर सांगितलं. एक कामगार शिडीवर चढून छताला भोकं पाडत होता. त्याचं एक भोक वरच्या तांब्याच्या नळीत गेलं होतं. ड्रिलच्या आवाजात सूं सूं कुणाला ऐकू येत नव्हती. आणि शेजारी दुसऱ्यानं वेल्डिंगचं मशीन लावून ठेवलेलं, लोखंडी चौकट जोडायला आता सुरुवात करणारच होता. ऑक्सिजन साठलेल्या बंद जागेत एक ठिणगी पडली असती तर काय, हे लिहायची गरज नाही. यांनी जाऊन दोन्ही मशीनचे प्लग उपटले. ड्रिल बंद झालं तसा नळीचा आवाज सगळ्यांनी ऐकला. दवाखान्याचे इंजिनिअर आले, त्यांनी त्या मजल्याच्या फाट्याची झडप बंद केली, खिडक्या उघडल्या, माणसं बाहेर काढली.

मी डोळे पॅनलवरून हलवले नव्हते. दोन पॉइंट आठ. दोन पॉइंट आठ. दोन पॉइंट नऊ. तीन पॉइंट चार. मग सरसर चढत चार पॉइंट दोन. हिरवा.

सहाच्या सहा जण सुखरूप होते. ज्योती सिस्टर माझ्या खाटेच्या कडेला टेकल्या आणि माझे केस मागं सारत राहिल्या.

हे वर आले ते घामानं भिजलेले. या वेळी मशीनकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघून म्हणाले, "तू आत आहेस हे मला माहीत होतं, रेखा. बघायची छाती होत नव्हती."

मी तक्त्याकडं बघितलं. यांनी धरला. मी एकच शब्द लिहिला, आणि तो शिवी होता. हे इतके हसले की नवीन सिस्टर बघायला आल्या.

नसरीनची सही

त्या दिवसापासून रोज चार ते पाच आम्ही तक्त्यावर बोलायचो. भांडायचोही. तक्त्यावर भांडण करून बघा, निम्मा राग अक्षरं शोधण्यातच जिरतो.

दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांनी येऊन हात जोडले आणि नियम केला, की इमारतीत कुठंही भोक पाडायचं तर आधी नळ्यांचा नकाशा बघून परवानगी घ्यायची.

नसरीन भेटायला आली तेव्हा मी तिच्याकडून पॅनलचं स्टिकर बघून घेतलं. मला खात्री होती, सही माझीच असणार. तिनं वाकून बघितलं आणि पदर तोंडाला लावला. सही तिची होती. खरं सांगते, मला जरा वाईट वाटलं. मग ती माझा हात धरून रडायला लागली, "मेरी सही है रेखा, अल्ला कसम मैंने बराबर देखी थी," आणि माझं वाईट वाटणं कुठल्या कुठं गेलं.

तिच्या हातात असताना माझा अंगठा हलला. अगदी गव्हाच्या दाण्याएवढा. पहिल्यांदा ते तिलाच कळलं.

तुमच्यासाठी

पुढचं सगळं हळू गेलं. मशीन रोज थोडा वेळ बंद ठेवायचे, दहा मिनिटं, अर्धा तास, दोन तास. गळ्याची नळी निघाली तेव्हा माझा आवाज फाटक्या पिपाणीसारखा होता. फिजिओच्या मॅडम कडक होत्या. त्यांना मी मनात फार बोलून घेतलं आहे, त्यांनी माफ करावं. वॉकर धरून बारा पावलं टाकली त्या दिवशी मी बारा जणांना फोन लावायला लावला.

जो आत्ता खाटेवर आहे त्याला मी एवढंच सांगेन, की आज काही हलत नाही म्हणून उद्याही हलणार नाही असं नाही. माझा पाय हलायला सत्तर दिवस लागले. पण घरच्यांना जास्त सांगायचंय. तुमचं माणूस ऐकतंय. त्याच्याबद्दल त्याच्या डोक्यावरून बोलू नका. त्याला विचारा. पुठ्ठा आणि पेन कुठंही मिळतं.

दूध

घरी आले. आत्याबाई दारातच उभ्या होत्या. झाडपाल्याचं त्या बोलल्या नाहीत, मीही काढलं नाही. त्यांनी माझं न्हाणं, माझी वेणी, सगळं केलं. महिनाभर वॉकर, मग काठी, मग भिंत धरून. डॉक्टर म्हणाले होते, पळायचं सगळ्यात शेवटी येतं, काहींना येतही नाही.

एके दिवशी सकाळी मी ओट्यावर दूध ठेवून बाहेरच्या खोलीत गौरीच्या वह्यांना कव्हर घालत बसले होते. आत्याबाई तिथंच भाजी निवडत होत्या. दुधाचा वास आला. मी आत जाऊन गॅस बंद केला, तोवर अर्धं भगुनं ओट्यावर आलं होतं. फडकं घेऊन पुसायला लागले. वळून बघते तर आत्याबाई उंबऱ्यात उभ्या, हातात मेथीची जुडी तशीच.

म्हटलं, "काय झालं? सांडलं थोडं दूध, आत्याबाई."

"दुधाचं जाऊ दे," त्या म्हणाल्या. "तू पळत आलीस."

मी खाली माझ्या पायांकडं बघितलं. काठी बाहेरच्या खोलीत, भिंतीला टेकलेली. गौरी तिच्या शेजारी वही छातीशी धरून उभी होती.

"व्हय गं, पळतच आलीस," आत्याबाईंनी डोळे पुसले आणि वाटेतला पाट पायानं बाजूला सारला. "आता परत एकदा पळून दाखव."

मी दाखवलं.